काही खरं नाही

नरेंद्र आला तेव्हा टीव्हीवर बेसबॉलच्या मॅचची दुसरी इनिंग चालू होती. एरवी हा माणूस मॅचच्या आधी अर्धा तास हजर असायचा आणि गॅरेजच्या दारातून भांडतच आत शिरायचा. आज त्याने चक्क बेल वाजवली.

पद्मजाने दार उघडलं आणि आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. शुक्रवारी तिने नवऱ्याच्या, म्हणजे प्रतापच्या, नकळत त्याला फोन केला होता. प्रतापच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, डॉक्टर सोमवारी सांगणार होते. पण नरेंद्र त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, त्याला आधी कळू शकत होतं. "बघतो, वहिनी," तो म्हणाला होता. त्यानंतर त्याचा फोन नाही. प्रतापने तर फर्मानच काढलं होतं, सोमवारपर्यंत घरात हा विषय काढायचा नाही.

"ट्रॅफिक फार होता, वहिनी," नरेंद्र म्हणाला आणि वाकून बुटांच्या लेस सोडत बसला. डेट्रॉइटजवळच्या या नोव्हाय गावात रविवारी दुपारी कसला आलाय ट्रॅफिक! लेस काही सुटता सुटेना.

"अरे, ये लवकर!" प्रताप आतून ओरडला. "तुझा लाडका येतोय बॅटिंगला."

लाडका म्हणजे हॉलिस. हा पोरगा मे महिन्यात टोलेडोच्या धाकट्या टीममधून डेट्रॉइटच्या मोठ्या टीममध्ये आला, आणि तेव्हापासून या दोन पन्नाशीच्या गृहस्थांनी त्याच्यावरून एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. प्रताप मोटारकंपनीतला इंजिनियर. त्याला हॉलिसच्या खांद्यांत आणि कमरेत काय काय दिसायचं. नरेंद्रला काही म्हणजे काही दिसायचं नाही. पोरग्याचा चेंडू हुकला की तो मांडीवर थाप मारून म्हणायचा, "याचं काही खरं नाही!" हे वाक्य ऐकून ऐकून पद्मजालाही त्याची सवय लागली होती. आमटीत मीठ जास्त पडलं तरी तिच्या तोंडून तेच निघायचं. बेसबॉल तिला कळत नव्हता, भांडण मात्र तोंडपाठ होतं.

तिने राइस क्रिस्पीजच्या चिवड्याची बशी दोघांच्या मध्ये ठेवली. पुन्हा स्वयंपाकघरात गेली, उगाच नळ सोडला, बंद केला, परत येऊन दारात उभी राहिली. प्रतापचंही बूड एका जागी ठरत नव्हतं. सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून टीव्हीच्या अँटेनाशी, तिथून परत सोफ्यावर.

हॉलिसने जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू हुकला.

"स्विंग बघ, यार!" प्रताप म्हणाला. "टायमिंग जरा लेट आहे, बस्स. पुढच्या सीझनला हा तीस होमरन मारतो की नाही बघ. पोटेन्शियल आहे."

आता थाप पडणार, पद्मजाने मनात म्हटलं.

"हो, आहे," नरेंद्र म्हणाला.

प्रतापने मान वळवली. "काय आहे?"

"पोटेन्शियल."

"पद्मा, कॅलेंडरवर मार्क करून ठेव गं! डॉक्टरसाहेबांनी माझं ऐकलं!" प्रताप मोठ्याने हसला. कुणीच साथ दिली नाही तसं त्याचं हसू ओसरलं. टीव्हीवर हॉलिस पुन्हा हुकला.

"वळत येणारा कर्व्हबॉल त्याला दिसतच नाही," या वेळी प्रतापच म्हणाला. मित्राकडे बघत, डिवचत. "परत टोलेडोला पाठवा, तूच म्हणायचास ना?"

"शिकेल रे. टाइम द्यायला पाहिजे त्याला."

नरेंद्रच्या मुठीत चिवडा तसाच होता. पद्मजाला त्याचा संताप आला. इतका की पुढे होऊन त्याला गदागदा हलवावं आणि सांगावं, भांडा हो भावजी, नेहमीसारखं भांडा.

तिसरा चेंडूही गेला. तीनदा हुकला म्हणून हॉलिस बाद झाला. स्टेडियमभर लोक हुर्यो करायला लागले. नरेंद्रचा मोकळा हात मांडीवर थाप मारायला वर उठला आणि तसाच खाली आला. ते प्रतापने पाहिलं. त्याने उठून टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"तुला माहितीये काय. याचं काही खरं नाही. म्हण ना."

"प्रताप, उद्या डॉक्टर..."

"डॉक्टरचं विचारलंय का मी? हॉलिसचं विचारतोय. आत्ता तुझ्यासमोर स्ट्राइक आऊट झाला ना? सगळा समर घसा फोडून सांगत होतास, मग आज काय झालं? म्हण, लेका. एकदा म्हण."

नरेंद्रने तोंड उघडलं. पद्मजा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ते चार शब्द त्याने उच्चारले असते, तर तिने तिथल्या तिथे देवापुढे साखर ठेवली असती.

"खेळेल रे तो," नरेंद्र म्हणाला. "खूप वर्षं खेळेल."

प्रताप बायकोकडे वळला.

"बघ ना गं, पद्मा," तो म्हणाला. "हा म्हणतच नाहीये."