कोरी चिठ्ठी

“दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं रद्दीत, बाकीची मुख्य ग्रंथालयात,” वनस्पतिशास्त्राचं ग्रंथालय बंद करायला आलेले साहेब म्हणाले.

ग्रंथपाल शैलजाबाईंनी शेवाळांचा चित्रसंग्रह उघडला. मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी होती. दुर्मीळ म्हणून तीस वर्षं त्यांनीच तो कुणाला दारापलीकडे नेऊ दिला नव्हता.

“हा सगळे इथेच बसून वाचतात हो.”

“मॅडम, चिठ्ठीवर दिसत नाही ना.”

खिडकीपाशी प्राध्यापक कुरणे टिपणं काढत होते. मागे त्यांनी हा संग्रह एका दिवसासाठी मागितला, तेव्हाही बाईंनी नकार दिला होता.

साहेबांदेखत बाईंनी चिठ्ठीवर आजचा शिक्का मारला आणि संग्रह कुरण्यांपुढे ठेवला.

“घरी न्या, सर.”

“परत कधी आणू?”

“पंधरा दिवसांत,” बाई म्हणाल्या. “मुख्य ग्रंथालयात.”