शौकतचा रिपोर्ट

होडी धरणाच्या मध्यावर आली आणि वारा पडला.

शीड लुळं लोंबायला लागलं तशी जुलेखाने नवऱ्याकडे पाहिलं. "वल्ही कुठायत?"

"काठावर," शौकत म्हणाला. "शिडाच्या होडीत वल्हं ठेवायचं म्हणजे वाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं."

"आता बसा तो विश्वास चघळत."

शौकतला दोन वर्षांपासून हे वेड लागलं होतं. होडी एवढीशी आणि शीड हे भलं मोठं, नाकापेक्षा मोती जड. दसरा उलटला की गंगापूरचं धरण काठोकाठ असतं, म्हणून या रविवारी त्याने जयराम आणि त्याची बायको मनीषा यांनाही ओढून आणलं होतं. शौकत आणि जयराम पहिलीपासून एका बाकावरचे. शौकत कंपनीत लागला, जयरामने नाशिक रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, लग्नं झाली, तरी बाक काही सुटला नाही.

"गुरुवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून याच्यासोबत शीड शिवून आणलं," जयराम म्हणाला. "आणि वाराच नाही!" त्याला हसता हसता ठसका लागला. तो दोर ओढायला उठला तर शौकतने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू बस रे. मी बघतो."

मनीषा ते बघत होती. दुखणं याला आणि काळजी दुसऱ्याची.

ती इंदिरानगरातल्या एका तपासणी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायची. शौकतच्या कंपनीतल्या माणसांचे एक्स-रे कंपनीने दिलेल्या फुकट तपासणीच्या कूपनावर अंबडच्या शाखेत निघत आणि टायपिंगला तिच्याकडे येत. काल संध्याकाळी शेवटच्या कागदावर नाव होतं शौकत इब्राहिम शेख, वय सत्तेचाळीस. उजव्या फुफ्फुसात गाठ. टाइप करताना तिची बोटं थांबली. डॉक्टर म्हणाले होते, "चांगलं दिसत नाहीये. सोमवारी बोलावून घ्या. तोवर कोणाजवळ अवाक्षर नको."

तेव्हापासून ती मूग गिळून बसली होती. जयरामलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट तर तिने स्वतःपासूनही लपवली होती. नाव वाचल्यावर, रडू यायच्या आधी, एक क्षण तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. आपल्या घरात नाही. देवा, आपल्या घरात नाही.

त्या क्षणाची तिला आता इतकी लाज वाटत होती, की जुलेखाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

जुलेखाने डबा उघडला. शौकतने खिमा-पाव हाणला, मनीषाची थालीपिठं हाणली, वर जयरामने नको म्हणून सरकवलेलं थालीपीठही संपवलं. किती भूक आहे याला, मनीषाच्या मनात आलं. अजून काही ठाऊक नाही ना, म्हणून.

"डिसेंबरात कोकणात जाऊ," शौकत म्हणाला. "खऱ्या समुद्रावर. चौघंही."

"जाऊ की," जयराम म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला.

मग शौकतने सहज विचारावं तसं विचारलं, "भाभी, तुमच्याकडे एक्स-रेचा रिपोर्ट किती दिवसांनी येतो?"

मनीषाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "येईल की. उद्या."

"पाण्यावर आलोय ना? मग दवाखाना कशाला काढतोस?" जयराम एकदम करवादला. "माणूस रिपोर्टशिवायही जगतो."

दवाखान्याचं नाव काढलं की जयरामचं हे नेहमीचंच. वर्षभर मागे लागूनही त्याने साधं रक्त तपासू दिलं नव्हतं. खोकल्याला म्हणे, दुकानातल्या वार्निशचा वास.

होडी जागच्या जागी गिरकी घेत होती. काठ दिसत होता, काठावरची माणसंही दिसत होती, पण हाक पोचत नव्हती. मनीषा जुलेखाकडे चोरून बघत होती. ती डब्याची झाकणं लावत होती, गुणगुणत होती. उद्यापासून हिची झोप जाणार. हिच्यासोबत दवाखान्यात आपण बसू, हिच्या घरी डबा पोचवू. दुसरं काय आहे आपल्या हातात?

तासाभराने होडी आपसूक एका गाळाच्या उंचवट्याला जाऊन टेकली. उंचवटा काठाला जोडलेला होता आणि वर मासेमारांच्या झोपड्या होत्या. वल्हं मागायला जयराम निघाला, सोबत जुलेखाही. चढणीवर तो दोनदा थांबला. शौकत होडी धरून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या दोघांकडे होतं.

आता नाही तर कधीच नाही, असं मनीषाला वाटलं. उद्या काउंटरवरच्या परक्या मुलीने सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. नोकरी गेली तर गेली.

"शौकतभाई, तुमचा रिपोर्ट आलाय. कालच."

शौकतने चढणीवरची नजर तिच्याकडे वळवली.

"गाठ आहे. फुफ्फुसात. पण अजून तपासण्या व्हायच्यात, हल्ली उपचार निघालेत, आम्ही दोघं आहोत ना तुमच्यासोबत." तिला हुंदका आवरेना. "जुलेखाला मी सांभाळीन. सख्ख्या बहिणीसारखी सांभाळीन."

शौकतने तोंडावर हात दाबून धरला. त्याचे खांदे हलायला लागले. वर चढणीवरून जयराम परत येत होता. वल्हं खांद्यावर टाकून, एका हाताने छाती धरून, आणि मनीषा बघतेय हे लक्षात येताच तोच हात उंच करून हसत हलवत.

"त्याने शपथ घातली होती, भाभी," शौकत म्हणाला. "कूपन माझं होतं. गुरुवारी आत जयराम गेला होता."