निळा कोट

शवपेटीचं झाकण उचलण्याआधी कबर खणणारा वितोर थांबला. फावडं मातीत रोवून त्याने विचारलं, "घरच्यांपैकी आत कोण बघणार? एकाने तरी बघायला लागतं."

"मी बघतो," फिर्मिनू म्हणाला.

सेलेस्तने धाकट्या भावाकडे पाहिलं. तिच्या काखेत एक लहान लाकडी पेटी होती आणि पेटीत पांढरं फडकं, आईनेच विणलेली लेस लावलेलं. लिस्बनमध्ये गरिबाला कायमची जमीन मिळत नाही, मेल्यावरही नाही. काही वर्षं मातीत काढायची, मग घरच्यांसमोर उकरून हाडं पेटीत भरायची आणि पेटी भिंतीतल्या कोनाड्यात सरकवायची. वडील केव्हाच तिथे जाऊन बसले होते. शेजारचा कोनाडा आईची वाट बघत होता.

फिर्मिनू जिनिव्हाहून आला होता, बायको ब्रिजितला घेऊन, तीन दिवसांच्या सहलीवर. विमान, खोली, सकाळची न्याहारी, सगळं एकदम ठरवलेलं. आईच्या दफनाला तो आला नव्हता आणि ते त्याला आतून खात होतं. म्हणून महापालिकेकडून कबर उकरायला शुक्रवार मिळाल्यावर त्याने सहल त्यालाच जुळवून घेतली. एवढं एक तरी काम वेळेवर हजर राहून, नीट, शेवटपर्यंत करायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ब्रिजित फाटकाबाहेरच्या कॅफेत बसली होती. ट्रामचा शेवटचा थांबा तिथेच असल्यामुळे, शहर बघायला निघालेले आणि नकळत दफनभूमीच्या दारात येऊन पोचलेले लोक तिथे नेहमीच घुटमळत असतात.

"खोली बरी आहे का?" सेलेस्तने मघाशी फाटकात विचारलं होतं.

"चांगली आहे. आपल्याच गल्लीत मिळाली. खिडकीतून आपलं घर दिसतं."

"तिथेही आता तुझ्यासारखे प्रवासीच राहतात. दोन रात्री, तीन रात्री."

ती स्वतः नदीपलीकडून बोटीने आली होती. गल्ली सुटून तिला बरीच वर्षं झाली होती.

वितोरने झाकण उचललं.

फिर्मिनूला आधी नुसता निळा रंग दिसला. मग कळलं, कोट आहे. गुबगुबीत, आडव्या शिवणींचा, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. त्यानेच एका नाताळला पाठवलेला. जसाच्या तसा होता. चेनच्या वर आईची हनुवटी होती. हाड नव्हे, हनुवटी.

वितोरने लांब आकड्याने कोटाची कड जराशी उचलली, आत पाहिलं आणि सोडून दिली.

"नाही झालं," तो म्हणाला. "परत झाकायला लागेल. दोन वर्षांनी बघू."

"नाही झालं म्हणजे काय?"

"म्हणजे आई अजून आहे, साहेब." वितोर हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. त्याला असं सांगायची सवय होती. "नायलॉनमध्ये हे असंच होतं. सुती असतं तर एव्हाना मोकळ्या झाल्या असत्या. कोणी घातला हा?"

मेलेल्या माणसाच्या अंगावर नायलॉनचा धागा नको, पायात बूट नकोत, हे त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फिर्मिनूनेही लहानपणी दहादा ऐकलं होतं. सेलेस्तने सुती झगा इस्त्री करून ठेवला होता. पण फोनवर तो हुंदके देत म्हणाला होता, "माझा कोट घाल तिला. मी नाही तर निदान कोट तरी असू दे तिच्याजवळ." रडणाऱ्या भावाला तिला नाही म्हणवलं नाही.

"मग आता काढा ना तो," फिर्मिनू म्हणाला. "काढा आणि मग झाका."

"तसं नाही करता येत. झालं नसलं की जसं आहे तसं झाकायचं. हात लावायचा नाही."

"तुम्ही नका लावू. मी काढतो. माझी आई आहे ती."

तो गुडघ्यांवर बसला आणि चेनकडे हात नेला. वितोरने त्याचं मनगट धरलं. जोर न करता, पण घट्ट.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "कोट एकटा नाही निघणार."

फिर्मिनूने हात मागे घेतला.

झाकण पुन्हा बसलं. वितोर माती लोटू लागला. फिर्मिनूच्या खिशात फोन वाजला. ब्रिजितने विचारलं होतं, झालं का, ट्राम उभी आहे. त्याने फोन पुन्हा खिशात टाकला.

"दोन वर्षांनी मी येईन," तो म्हणाला. "नक्की येईन. तोवर होईल ना हो?"

"नायलॉन आहे," वितोर म्हणाला. "सांगता येत नाही."

फिर्मिनूला रडायचं होतं, पण या वेळी त्याला बहिणीसमोर लाज वाटली.

सेलेस्तने फडक्याची घडी घातली, रिकाम्या पेटीत ठेवली.

"तिने कधी घातलाच नाही तो," ती म्हणाली. "कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात. मी ओरडायचे, तर म्हणायची, फिर्मिनू आला की घालीन. त्याला दिसायला हवा माझ्या अंगावर."

तिने पेटीची कडी लावली.

"बघितलास ना?"