नावाच्या रकान्यात

“त्यो फॉर्म वापस द्या साहेब,” हनीफ म्हणाला. “गाडी मीच चालवून राहिलो होतो, असं लिहून टाका.”

मार्तंडरावांनी चष्मा कपाळावर चढवला. निलंग्याच्या कोर्टात तीस वर्षं घासली, पण गुन्हा अंगावर ओढून घ्यायला आलेला अशील ते पहिल्यांदाच बघत होते. लोक केलेलं झटकायला वकिलाकडं येतात, आणि हा बाबा न केलेलं मागायला आला होता!

“हनीफ, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“हाय की.”

प्रकरण तसं सरळ होतं. किल्लारीकडच्या तळ्यावर हनीफनं पाण्यावर पळणारी स्कूटर आणली होती. पाटीवर ‘जेट स्की’ लिहिलेलं, पण गाव तिला पाण्यातली गाडीच म्हणायचं. रविवारी लातूरहून क्लासची पोरं यायची, फॉर्म भरायची, लाइफ जॅकेट चढवून दहा मिनिटं भुर्रकन फिरून जायची. दोन रविवारांमागं एका पोरीनं गाडी दोरीच्या पलीकडं नेली आणि थेट मलप्पाच्या तराफ्यावर घातली. बिचारा मासे धरत बसला होता. मांडीचं हाड मोडलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली होती. भरपाई चार लाख, नाहीतर कोर्टात या.

चार लाख म्हणजे हनीफची गाडी गेली आणि तळ्यावरचा धंदाही बुडाला. एवढं सोपं गणित त्याला कळत नव्हतं असं नाही.

“पोरगी चालवत होती हे खुद्द मलप्पा सांगतोय,” मार्तंडराव म्हणाले. “ढसाढसा रडली म्हणे, आपल्या ओढणीनं त्याचा पाय बांधला. तू तर काठावर होतास.”

“मलप्पाला चक्कर आलती. त्याला काय दिसतंय?”

“अरे, आठ दिवसांपूर्वी तूच म्हणत होतास, त्या पोरीला हजारात ओळखीन!”

म्हणाला होता खरा. याच खुर्चीत बसून, तावातावानं. त्या दिवशी तेवढ्यात चहा आला होता. कप ठेवायला मार्तंडरावांनी फायली सरकवल्या, पेपरवेट सरकवला, लेकीचा दहावीतल्या बक्षिसाचा फोटो हनीफच्या बाजूला केला. पेढ्यांचा पुडाही उघडला, कारण मनू लातूरच्या क्लासात नुकतीच वरच्या बॅचला गेली होती. पेढा हातात घेतला आणि काय झालं कुणास ठाऊक, हनीफ खुर्चीतून उठलाच. पेढा तसाच मुठीत धरून, फॉर्म टेबलावर विसरून तो निघून गेला होता.

“कुणी धमकी दिली?” मार्तंडरावांनी आता विचारलं.

“न्हाई.”

“पैसे चारले?”

“तोबा तोबा! साहेब, भूकंपात आमच्या अम्मीचा मदतीचा अर्ज कुणी भरला होता? तुम्हीच ना? पत्र्याच्या शेडात बसून अख्ख्या गल्लीचे अर्ज भरले, कुणाचा चहासुद्धा घेतला न्हाई. मी इसरलो न्हाई ते.”

“मग माझ्याशीच खोटं का बोलतोयस?”

हनीफ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. मार्तंडरावांना खरं तर राग यायला हवा होता. पण खोटं बोलणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते. आपलंच नुकसान करणारं खोटं कोण बोलतं? आता कारण कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागणार नव्हतं.

त्यांनी फॉर्म काढून उजेडात धरला. नावाच्या रकान्यात नाव नव्हतंच. सात आकडे होते. फोन नंबर म्हणावा तर तीन आकडे कमी. खाली ‘अठरा वर्षं पूर्ण’ याच्यापुढं ‘हो’ आणि ‘नाही’चे दोन गोल होते. माणसं तिथं बरोबरची खूण करतात. हिनं ‘हो’चा गोल काळ्या पेनानं काठोकाठ भरला होता, रेघेबाहेर थेंबभर शाई नाही.

मार्तंडरावांनी टेबलावर थाप मारली.

“सापडली! अरे, हा रोल नंबर आहे. लातूरच्या क्लासांच्या परीक्षेत नाव लिहायचं नसतं, नंबर लिहायचा आणि गोल असे गच्च भरायचे. हाताला सवय, दुसरं काय! आमच्या मनूच्याच क्लासचा नंबर दिसतोय. बघ, मधे बॅच, मागं हजेरी.”

“नक्को साहेब. जाऊ द्या.”

“जाऊ द्या कसं? क्लासातली पोरगी अठराची कुठली, हिनं वय खोटं लिहिलंय. म्हणजे सगळं घोंगडं तुझ्या एकट्याच्या गळ्यात कशाला? तिच्या बापालाच कोर्टात उभं करतो. विचारतो, बाबा रे, पोरीला गणित शिकवलंस, खरं बोलायला शिकवायचं राहून गेलं का?”

“गाडी जाईल तर जाईल साहेब. मी पुन्हा जीप चालवीन.”

मार्तंडराव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी लातूरचा नंबर फिरवला. क्लासच्या ऑफिसातल्या कशिशनं फोन उचलला.

“एका रोल नंबरचं नाव हवं होतं,” असं म्हणून त्यांनी सातही आकडे सावकाश वाचून दाखवले.

हनीफ खुर्चीतून उठला. “फोन ठेवा साहेब. तुम्हाला अम्मीची शपथ.”

मार्तंडरावांनी हातानंच त्याला खाली बसायला सांगितलं. पलीकडं कॉम्प्युटरची बटणं वाजत होती.

“सापडलं,” कशिश म्हणाली. “गेल्याच महिन्यात बदललाय नंबर. पण सर, पालकांशिवाय कुणालाच नाव सांगत नाही आम्ही. तसा नियमच आहे. आपण कोण बोलताय?”

“अ‍ॅडव्होकेट मार्तंड चौसाळकर, निलंगा. कोर्टाचं काम आहे, म्हणून जरा—”

“अहो सर, मग आधीच नाही का सांगायचं!” कशिश हसली. “तुम्ही तर पालकच, तुम्हाला सांगायला कसली हरकत?”