मूठ

“आज मी हात लावणार नाही,” आईगं ताई म्हणाल्या. “आज तुम्ही करायचं.”

भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना हे नाव मुलांनीच ठेवलं होतं. त्या दारात दिसल्या, की कुठल्या ना कुठल्या खाटेवरून ‘आई गं’ सुरू व्हायचं.

भिंगरीची आई मागे सरकली. व्यायामाच्या वेळी ती रोज बाहेर जाऊन उभी राहायची. किंकाळ्या थांबल्या, की आत यायची आणि लेकीला कुशीत घ्यायची.

“मला नाही जमायचं, मॅडम. माझ्याच्यानं बघवत नाही.”

“परवा घरी जाल. घरी मी नसणार.”

चार वर्षांच्या भिंगरीने तापलेल्या इस्त्रीवर उजवा तळहात टेकवला होता. मांडीची कातडी काढून तिथे लावली, ती धरलीही. पण नवी कातडी आक्रसत होती, आणि तिच्याबरोबर बोटंही आत वळत चालली होती. मूठ उघडली नाही, तर पुन्हा ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” ताई म्हणाल्या. “आमच्याकडे उलटं. बसा.”

आई खाटेवर बसली. भिंगरीला वाटलं, आई आली म्हणजे आजचा व्यायाम चुकला. तिने आपण होऊन हात पुढे केला.

ताई सांगत गेल्या तसं आईने तळहाताला, बोटांना भरपूर मलम चोळलं, मनगट धरलं आणि करंगळी हळूच मागे ओढली.

भिंगरी आधी ओरडलीच नाही. नुसती आईकडे बघत राहिली. मग तिने असा हंबरडा फोडला, की आईचा हात आपोआप सुटला.

“सोडू ना?”

“सोडलात की. आता पुन्हा धरा.”

आईने पुन्हा धरला. दुसरं बोट ओढलं. तिसरं ओढलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. “झालं हं सोन्या, झालंच. शहाणी ना माझी...”

“तू माझी आई नाहीस!” भिंगरी किंचाळली. “तू आईगं ताई आहेस!”

आणि हात हिसकावून तिने त्याच हाताने आईच्या थोबाडीत फाडकन मारली.

“अगं बये, आईला मारतात का?” शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आजी म्हणाली.

आईचा हात गालाकडे गेला.

“पुसू नका!” ताई ओरडल्या. त्यांनी आईची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. गालावर मलमाचे पट्टे उमटले होते. एक, दोन, तीन... आणि जरा पुसट, पण होता, चौथाही.

“बोटं आहेत,” ताई हळूच म्हणाल्या. “मुठीने नाही मारलं तिने.” मग अजून वाकून बघितलं. “अंगठा तेवढा राहिलाय.”

भिंगरीचा हुंदका मध्येच अडकला. आपण काय केलं ते आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होतं.

“लागलं का गं, आई?”

“लागलं,” आई म्हणाली, आणि तिने दुसरा गाल पुढे केला. “आता इथे मार. अंगठ्यासकट.”