ऊन पडू दे

एरवी शनिवारी देल्फिना आणि बाकीच्या आया फावडी घेऊन सोनोराच्या वाळवंटात बेपत्ता मुलांना शोधत माती उकरायच्या. आज मात्र त्या मोर्च्यासाठी झेंडे करायला इरासेमाबाईंच्या अंगणात जमल्या होत्या.

कापडांना लावायच्या औषधाची बाटली त्यांच्यातल्या चायोनं उलटसुलट करून वाचली. "बाई, यात सायनाइड आहे म्हणे. आपल्या तक्रारी दाबून ठेवणाऱ्या पोलीस कमांडरसाहेबांच्या कॉफीत टाकून बघू का?"

"काही व्हायचं नाही त्यांना," बाई हसल्या. "लोखंडानं ते घट्ट धरून ठेवलंय, सहजासहजी सुटत नाही. तरी हातमोजे घाला, आणि ॲसिडजवळ नेऊ नका. आता आपापल्या मुलाची वस्तू कापडावर ठेवा. ऊन लागेल तिथं कापड निळं होईल. वस्तूखाली ऊन पोचणार नाही, तेवढा भाग धुतल्यावर पांढरा राहील."

कुणी सदरा ठेवला, कुणी बूट. देल्फिनानं नेस्तोरची टोपी कापडावर ठेवली, क्षणभर बघितलं आणि उचलून घेतली.

कापडं धुतल्यावर सदरे, बूट पांढरे उमटले. देल्फिनाचं कापड मात्र या काठापासून त्या काठापर्यंत निळंच निघालं.

"अगं, टोपी ठेवायची राहिली की तुझी," चायो हळहळली.

"राहिली नाही." देल्फिनानं टोपी छातीशी धरली. "इतकी वर्षं मी त्याला मातीखाली शोधतेय. इथं तरी त्याच्यावर ऊन पडू दे."