दुसरीच्या घरातला पेपर

गार्गीने डोक्यावरचं हेल्मेट काढलं तेव्हा ती घामाघूम झाली होती. नव्या नियमाप्रमाणे शिष्यवृत्तीच्या एकाच जागेसाठी शेवटी उरलेल्या दोघींनी एकमेकींच्या घरात बसून पेपर सोडवायचा होता. हेल्मेटमधलं घर आभासी असलं, तरी पत्र्याचा उकाडा, पोटातली भूक आणि मांडीवरचं रडकं बाळ अगदी खरं वाटत होतं. गार्गीचे निम्मे प्रश्न राहिले होते.

"तू रोज असा अभ्यास करतेस?" तिने शेजारच्या खुर्चीत हेल्मेट काढणाऱ्या करिष्माला विचारलं. "कमाल आहे गं तुझी! मला नसतं जमलं."

करिष्मा डोळे चोळत ओशाळून हसली.

"माझा पेपर लवकरच सोडवून झाला. मग जरा डोळा लागला. तुझ्या घरी कुणी उठवायलाच आलं नाही गं."